पदकाच्या दोन दिवस आधी

१० डिसेंबरचे स्टॉकहोमचे फोटो आता येतीलच: स्वीडनचा राजा, पदक, टाळ्या. पण नोबेलचा खरा कार्यक्रम साधारण दोन दिवस आधी होतो आणि तो विद्यापीठात होतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्राचे विजेते स्टॉकहोम विद्यापीठाच्या ‘आउला माग्ना’ सभागृहात व्याख्यान देतात. श्रोत्यांना प्रवेश खुला असतो.

हे व्याख्यान विजेत्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. समारंभानंतर जास्तीत जास्त सहा महिन्यांत ते द्यावं, असा नियम आहे. २०१६ चे साहित्याचे विजेते बॉब डिलन समारंभाला गेलेच नाहीत. जून २०१७ मध्ये मुदत संपत आली असताना त्यांनी ध्वनिमुद्रित व्याख्यान पाठवलं आणि मगच पारितोषिकाच्या ८० लाख क्रोनरचा मार्ग मोकळा झाला. अर्थात, मुदत नेहमीच पाळली गेली असं नाही: रवींद्रनाथ टागोरांनी १९१३ च्या पारितोषिकाचं भाषण स्टॉकहोमला जाऊन केलं, ते १९२१ साली.

२०१९ साली अर्थशास्त्राचे विजेते अभिजित बॅनर्जी यांचं धोतर आणि एस्थर डुफ्लो यांची साडी आपल्याकडे घरोघरी पोचली. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई माहेरची पाटणकर, त्यामुळे आपलं कौतुक अंमळ जास्तच. पण ८ डिसेंबरला दोघांनी दिलेली व्याख्यानं किती जणांनी ऐकली? ज्या कामासाठी त्यांना बोलावलं होतं, त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांमधला आहे. ‘प्रथम’ संस्थेची बालसखी म्हणजे वस्तीतलीच, दहावी-बारावी शिकलेली मुलगी. तिसरी-चौथीत जाऊनही वाचता न येणारी पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. रिकामी खोली नसेल तर व्हरांड्यात. काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काहींत चौथीला, आणि हे ठरलं चिठ्ठ्या टाकल्यासारखं. त्यामुळे एका शाळेतली तिसरी दुसऱ्या शाळेतल्या तिसरीशी ताडून पाहता आली. मागे पडलेल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले. या संशोधनाचा थेट परिणाम म्हणून ५० लाखांहून अधिक भारतीय मुलांना पूरक शिकवणीचा लाभ झाला, असं नोबेल समितीनं जाहीर केलं. आपल्याच पोरांची ही गोष्ट आपण कपड्यांच्या फोटोखाली गाडून टाकली.

व्याख्यानाची ही रीत आपल्याला परकी नाही. मुंबई विद्यापीठ अवघं वीस वर्षांचं असताना, १८७७ साली, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तिथे माजी कुलगुरू जॉन विल्सन यांच्या नावाची सात व्याख्यानं दिली. संस्कृतपासून पाली, प्राकृत, अपभ्रंश असं करत आजच्या भाषा कशा घडल्या, हे त्यांनी उलगडून दाखवलं. १९१४ साली या व्याख्यानांचं पुस्तक झालं आणि ते अभ्यासकांना आजही लागतं.

आता विद्यापीठाचा जीवनगौरव म्हणजे शाल, श्रीफळ, मानपत्र आणि पाच मान्यवरांची मनोगतं. सत्कारमूर्तीच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात, तीही आभारात जातात. ज्यानं चाळीस वर्षं एका विषयाला दिली, त्याला तासभर बोलू न देणं हा त्याचा अपमान आहे, असं मला वाटतं.

विद्यापीठांनी पुरस्कारांच्या नियमावलीत एक कलम घालावं: पुरस्कार घेणाऱ्यानं आपल्या कामावर तासभर जाहीर व्याख्यान द्यावं, त्यानंतर प्रश्नोत्तरं व्हावीत आणि मजकूर वर्षभरात छापावा. वाचकांना विनंती इतकीच: नोबेलची व्याख्यानं नोबेलच्या संकेतस्थळावर मोफत आहेत; यंदाच्या फोटोंसोबत त्यातलं एक तरी पूर्ण ऐका.