इकोचा रिकामा सायलेन्सर आणि खिशातली पीयूसी

मंचरच्या बाजारात, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटबाहेर, ओतूरच्या शाळेसमोर मारुती इको हमखास उभी दिसते. गेल्या काही वर्षांत चोरांचा डोळा तिच्या सायलेन्सरवर आहे. महाराष्ट्रात आणि गुजरातेत इकोचे सायलेन्सर रातोरात काढून नेल्याचे गुन्हे ठिकठिकाणी नोंदले गेले. बातम्यांमध्ये ‘प्लॅटिनमयुक्त माती’ चोरल्याचं छापून येतं. ही माती म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधला बारीक छिद्रांचा सिरॅमिक ठोकळा. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. सकाळी मालकाचा धंदा अडतो, मूळ भाग महाग असतो, मग तो जवळच्या गॅरेजात साधा रिकामा सायलेन्सर बसवून घेतो. त्याची अडचण खरी आहे. पण ती सोडवताना त्याला जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं खोटं असतं.

‘आतली जाळी नसली तरी काही बिघडत नाही, उलट गाडी मोकळी पळते, ॲव्हरेज वाढतं,’ हे सगळ्यांत जास्त ऐकू येतं. आजच्या पेट्रोल गाडीत किती इंधन सोडायचं हे इंजिनाचा संगणक ऑक्सिजन सेन्सरकडून माहिती घेऊन ठरवतो. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हे प्रमाण तो धरून ठेवतो, आणि नळी रिकामी केली म्हणून ते बदलत नाही. कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर मात्र गोंधळतो आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. कन्व्हर्टर चोंदला की गाडी ओढत नाही, एवढं खरं आहे. पण तो आपोआप चोंदत नाही. प्लग नीट पेटत नाही, इंजिन ऑइल जाळतंय किंवा पेट्रोलमध्ये भेसळ आहे, यांपैकी काहीतरी मुळाशी असतं. ते दुरुस्त न करता कन्व्हर्टर काढून टाकला तर मूळ दुखणं तसंच राहतं.

तो ठोकळा नेमकं करतो काय? तापल्यावर तो कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइडमध्ये, न जळलेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. यातल्या कार्बन मोनॉक्साइडची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण त्याला ना वास ना रंग. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि धुराची नळी गाडीच्या तळाखालून मागे जाते. घाईत वेल्डिंग केलेला जोड सुटला, तळाला गंजून भोक पडलं आणि काचा बंद असल्या, तर हा वायू थेट आत येऊ शकतो. हिवाळ्याच्या सकाळी काचा लावून मुलांनी भरलेली व्हॅन शाळेकडे निघते, तेव्हा मुलांना गुंगी आली, डोकं दुखलं, तरी कुणाला संशयही येणार नाही. ज्या गाडीत मुलं बसतात तिच्या नळीचा जोड तरी पालकांनी स्वतः वाकून पाहावा.

‘हे प्रदूषणाचं शहरवाल्यांचं दुखणं, आपल्याकडची हवा स्वच्छ आहे’ हा समज मुरायला कारण आहे. गाड्यांच्या धुरासाठी भारत स्टेज ४ ची अट २०१० साली आधी पुण्या-मुंबईसारख्या मोजक्या शहरांतच आली. पण १ एप्रिल २०१७ पासून ती देशभर लागू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना सगळीकडेच भारत स्टेज ६ लागू आहे. जुन्नर-आंबेगावच्या एमएच १४ गाडीला आणि मुंबईच्या गाडीला नियम एकच. शिवाय आपण शेती करतो, म्हणून एक गोष्ट माहीत असावी. नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळलेलं इंधन यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. कॅलिफोर्नियात द्राक्षाच्या पानांवर उठणारे काळपट ठिपके या ओझोनमुळे पडतात, हे १९५८ सालीच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. द्राक्ष पिकवणाऱ्या तालुक्याने ‘धूर शहराचा’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही.

आता कायदा. बाहेरून घेतलेला प्रत्येक सुटा भाग बेकायदा, असं नाही. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा, तेच काम करणारा भाग बसवला तर ती दुरुस्ती झाली. कन्व्हर्टरच नसलेला किंवा मुद्दाम आवाज करणारा सायलेन्सर हा मात्र बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने असे बदल रोखले आहेत, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाला धक्का लागेल असा फेरफार करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि हवेचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता. ‘पोलिसाकडे आवाज मोजायचं यंत्र नाही, मग दंड कसा?’ असं बुलेटवाले विचारतात. फेरफाराच्या कलमात डेसिबलचा उल्लेखच नाही.

‘पीयूसी आहे ना, मग गाडी पास,’ हा समज मोडायला सर्वांत अवघड आहे. पेट्रोल गाडीची पीयूसी उभ्या गाडीच्या नळीतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. भारत स्टेज ४ पासूनच्या चारचाकीला मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलाच जात नाही. गाडी प्रत्यक्ष न तपासता मिळवलेल्या पीयूसीला तर काहीच अर्थ नाही. आणि पीयूसी चालू असली तरी गाडीत फेरफार केल्याचा संशय आल्यास पोलीस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक केंद्रीय नियम ११६ नुसार पुन्हा तपासणीला पाठवू शकतात. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. पुढे भारत स्टेज ४ आणि ६ च्या गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याआधीच्यांना सहा महिने. पीयूसी संपली म्हणून विम्याचा दावा बुडतो, ही अफवा आहे. विमा नियामकाने ऑगस्ट २०२० मध्येच तसा खुलासा केला होता.

डिझेल पिकअपवाल्यांनाही हाच कायदा आहे. काजळी धरणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, पोकळ करून देणारे सापडतात. बहुतेक वेळा गाडी जवळच्या जवळ फिरल्याने फिल्टर पुरेसा तापत नाही आणि काजळी साचते. पुणे-नाशिक रस्त्यावर एका वेगाने थोडं लांब चालवलं की ती बरीचशी जळून जाते. दिवा लागला की आधी हे करावं.

सायलेन्सर चोरीला गेलाच तर आधी पोलिसांत फिर्याद द्यावी आणि तिची प्रत घेऊन विमा कंपनीकडे जावं. सर्वसमावेशक विम्यात चोरी धरलेली असते, नुसत्या थर्ड पार्टी विम्यात नाही. नवा भाग कन्व्हर्टरसहितच घ्यावा, पक्कं बिल घ्यावं, खालून लोखंडी जाळी बसवावी आणि नळीवर गाडीचा नंबर कोरून घ्यावा.