वक्रीभवन म्हणजे वाकणेच का?

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आम्ही प्रकाशाविषयी बोलत होतो. चहाच्या सुट्टीत एका शिक्षिकेने नववीतल्या मुलीची उत्तरपत्रिका आमच्यापुढे ठेवली. प्रश्न होता: 'प्रकाशकिरण काचेच्या पृष्ठभागावर लंबरूप पडला तर त्याचे वक्रीभवन होते काय?' मुलीने लिहिले होते, 'होते, पण किरण वाकत नाही.' बाईंनी फुली मारली होती. "वाकत नाही म्हणजेच वक्रीभवन होत नाही. दोन्ही कसे खरे असेल?" असे त्यांचे म्हणणे. मुलगी मात्र ऐकायला तयार नव्हती.

भांडण एका गुणाचे होते, पण ते एका शब्दाच्या अर्थापाशी जाऊन पोचत होते. म्हणून त्या शब्दाकडे जरा नीट पाहू.

'बाष्पीभवन' हा शब्द आपण रोज वापरतो. जे बाष्प नव्हते ते बाष्प होणे, असा त्याचा अर्थ. त्याच चालीवर 'वक्रीभवन' म्हणजे जे वक्र नव्हते ते वक्र होणे. भूमितीच्या तासाला मुलांनी वक्ररेषा काढलेली असते. त्यामुळे वक्रीभवन म्हटले की हवेतून पाण्यात शिरणारा किरण गोलाईने वळतो, असे चित्र कित्येकांच्या मनात उभे राहते. प्रत्यक्षात किरण हवेत सरळ असतो आणि पाण्यातही सरळच असतो. दोन माध्यमांच्या सीमेवर त्याची दिशा एकदम बदलते. लॅटिनमध्ये या घटनेसाठी जो शब्द रूढ झाला, तो 'मोडणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. पाण्यात तिरकी बुडवलेली काठी आपल्यालाही 'मोडल्यासारखी'च दिसते. गोलाईने वाकल्यासारखी नाही.

मराठीत याच घटनेला आणखी दोन नावे आहेत. विश्वकोशात 'प्रणमन' हा शब्द भेटतो. तो 'प्रणाम'मधल्या 'नम्' धातूपासून आला, अर्थ झुकणे. आजच्या पाठ्यपुस्तकांत 'अपवर्तन' आहे. त्यात 'वृत्' धातू आहे, म्हणजे वळणे. गंमत अशी की भास्कराचार्यांच्या गणितात 'अपवर्तन' म्हणजे संख्यांना समान अवयवाने भागून लहान करणे! शब्द तोच, पण शास्त्र बदलले की अर्थ बदलला. तात्पर्य, पारिभाषिक शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवरून नव्हे, व्याख्येवरून ठरतो.

मग व्याख्या काय करावी? 'एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाची दिशा बदलणे' एवढीच केली तर बाईंची फुली बरोबर ठरते. पण दिशा का बदलते, हा प्रश्न शिल्लक राहतो. वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन सारखी चाके अशी बसवा की प्रत्येक चाक स्वतंत्रपणे फिरू शकेल. ही जोडी गुळगुळीत फरशीवरून सतरंजीकडे तिरकी सोडा. जे चाक आधी सतरंजीवर चढते ते आधी मंदावते, दुसरे त्याच वेगाने पुढे येते, आणि जोडी वळते. आता ती सतरंजीच्या कडेला काटकोनात सोडा. दोन्ही चाके एकदमच मंदावतात. जोडी वळत नाही. पण तिचा वेग कमी झालेला असतोच.

प्रकाशाचेही असेच आहे. निर्वातात त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, पाण्यात सुमारे २.२५ लाख, तर साध्या काचेत सुमारे २ लाख असतो. ३ ला २.२५ ने भागले की १.३३ येतात, आणि हाच पाण्याचा अपवर्तनांक. ज्या संख्येने आपण ही घटना मोजतो, ती दोन वेगांचे गुणोत्तर आहे. किरण कोणत्याही कोनातून आला तरी ती बदलत नाही.

केवळ वळण पाहून खरे कारण कळत नाही, हे इतिहासही सांगतो. प्रकाश कणांचा बनला आहे असे मानणाऱ्या न्यूटनच्या मते पाण्यात त्याचा वेग वाढायला हवा होता. तरंग मानणाऱ्या हायगेन्सच्या मते कमी व्हायला हवा होता. वळणाचे स्पष्टीकरण दोघांनाही देता येत होते. १८५० मध्ये फ्रान्समध्ये फूकोने फिरत्या आरशाच्या साहाय्याने पाण्यातल्या वेगाची हवेतल्या वेगाशी तुलना केली. पाण्यातला वेग कमी भरला आणि न्यूटनचे स्पष्टीकरण मागे पडले.

आता बहिर्वक्र भिंग घ्या. त्याच्या बरोबर मध्यातून, अक्षावरून जाणारा किरण मुळीच वळत नाही. मग तो निरुपयोगी का? नाही. कडेच्या किरणांना नाभीपर्यंत लांबचा रस्ता पडतो. मधल्या किरणाचा रस्ता जवळचा, पण वाटेत काच सर्वांत जाड. तिथे तो रेंगाळतो. त्यामुळे सगळे किरण सारख्याच वेळात नाभीशी पोचतात. न वळलेल्या किरणाची ही दिरंगाई नसती, तर प्रतिमा तयारच झाली नसती.

उलट, वाकणे दिसले की ते वक्रीभवनच, असेही नाही. अरुंद फटीतून जाताना प्रकाश कडेशी पसरतो, तेव्हा माध्यम बदललेले नसते. त्याला आपण विवर्तन म्हणतो. आणि खरीखुरी गोलाई पाहायची असेल तर आकाशाकडे पाहावे. वातावरणाची घनता थराथराने बदलत असल्यामुळे तिथे किरणाचा मार्ग सचमुच वक्र होतो. क्षितिजाजवळ हा परिणाम अर्ध्या अंशाहून किंचित जास्त, म्हणजे सूर्यबिंबाच्या रुंदीहून थोडा अधिक असतो. म्हणून मावळत्या सूर्याची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, तेव्हा सरळ रेषेने पाहता सगळे बिंब क्षितिजाखाली गेलेले असते!

आम्ही बाईंना एवढेच सुचवले की, 'माध्यम बदलल्यामुळे प्रकाशाचा वेग बदलणे, आणि त्यामुळे तिरप्या किरणाची दिशा बदलणे' अशी व्याख्या फळ्यावर लिहावी. शब्द कोणताही वापरावा; पुस्तकातला वापरलेला सोयीचा. पण पुस्तकातली व्याख्या केवळ दिशेपुरती असेल, तर वेगाचे वाक्य आपण जोडावे, आणि मुलाने 'होते' किंवा 'होत नाही' असे लिहिल्यावर 'का?' हा पुढचा प्रश्न विचारावा. गुण त्या 'का'ला द्यावेत.

बाईंनी ती फुली खोडली. पण गुण देण्याआधी त्या मुलीला 'का' विचारणार आहेत, असे म्हणाल्या. आम्हाला तेच अधिक आवडले.