डेस्कटॉप प्रोसेसरांच्या कामगिरीची तुलना

डेस्कटॉप प्रोसेसरांच्या कामगिरीची तुलना म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा एकाच कंपनीचे वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर एकच काम किती वेळात, किती विजेत आणि किती खर्चात पूर्ण करतात हे मोजून ठरवण्याची पद्धत होय. प्रोसेसरला मराठीत प्रक्रियक किंवा केंद्रीय प्रक्रिया विभाग असेही म्हणतात. घरगुती व कार्यालयीन संगणकांच्या बाजारात इंटेल (स्थापना १९६८) आणि एएमडी (स्थापना १९६९) या दोन अमेरिकी कंपन्यांची स्पर्धा प्रदीर्घ काळ चालत आलेली असल्यामुळे ही तुलना प्रामुख्याने त्यांच्या प्रोसेसरांमध्ये केली जाते.

वेग ठरवणारे घटक

एखादी आज्ञावली पूर्ण होण्यास लागणारा वेळ तीन गोष्टींवर अवलंबून असतो : आज्ञांची एकूण संख्या, प्रत्येक घड्याळ-ठोक्यात पूर्ण होणाऱ्या आज्ञांची सरासरी आणि एका सेकंदातील ठोक्यांची संख्या. ठोक्यांची संख्या म्हणजेच वारंवारता गिगाहर्ट्‌झमध्ये सांगतात. जाहिरातीत बहुधा हाच आकडा ठळक असतो. परंतु तो एकटा पुरेसा नाही. समजा, एक प्रोसेसर ४ गिगाहर्ट्‌झवर चालतो व प्रत्येक ठोक्यात सरासरी ३ आज्ञा पूर्ण करतो, तर तो सेकंदाला १,२०० कोटी आज्ञा पार पाडतो. दुसरा ५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, पण प्रत्येक ठोक्यात २.२ आज्ञाच पूर्ण करतो. त्याची संख्या १,१०० कोटी भरते. म्हणजे अधिक वारंवारतेचा प्रोसेसर येथे मागे पडतो.

याशिवाय गाभ्यांची म्हणजे कोअरची संख्या, कॅश स्मृतीचा आकार आणि मुख्य स्मृतीचा वेग यांचाही परिणाम होतो. गाभे वाढवले की वेग त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या नियमानुसार कामाचा जो भाग वाटून करता येत नाही, तोच वेगाची मर्यादा ठरवतो. कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल, तर ८ गाभ्यांवर ते सुमारे ३.३ पट वेगाने होते आणि गाभे कितीही वाढवले तरी ५ पटींच्या पुढे जात नाही.

स्पर्धेचा इतिहास

आयबीएमने १९८१ साली आणलेल्या वैयक्तिक संगणकात इंटेलचा ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०८८ हा प्रोसेसर होता. १९८२ च्या करारानुसार एएमडी ही इंटेलच्या रचनेचे प्रोसेसर तयार करणारी दुसरी पुरवठादार कंपनी बनली. पुढे तिने स्वतःची रचना विकसित केली. ६ मार्च २००० रोजी एएमडीने १ गिगाहर्ट्‌झचा ॲथलॉन जाहीर केला आणि दोनच दिवसांनी इंटेलने त्याच वारंवारतेचा पेंटियम थ्री आणला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला पेंटियम फोर उच्च वारंवारता गाठण्यासाठी घडवलेला होता. मात्र प्रत्येक ठोक्यात तो कमी काम करी. त्यामुळे काही कामांत कमी वारंवारतेचे प्रोसेसर त्याच्या पुढे गेले. एएमडीने २००१ पासून ॲथलॉन एक्सपीला वारंवारतेऐवजी कामगिरी सुचवणारे क्रमांक दिले. उदाहरणार्थ, १८००+ या प्रोसेसरची प्रत्यक्ष वारंवारता १.५३ गिगाहर्ट्‌झ होती. २००६ साली आलेल्या कोअर २ ड्युओपासून इंटेलनेही वारंवारतेची शर्यत सोडून प्रत्येक ठोक्यातील कामावर भर दिला.

२०१७ साली एएमडीचा रायझन ७ १८००एक्स ८ गाभ्यांसह बाजारात आला. त्या वेळचा इंटेलचा कोअर आय७-७७००के ४ गाभ्यांचा होता. त्रिमिती चित्रनिर्मितीसारख्या वाटून करता येणाऱ्या कामांत रायझन पुढे होता, तर अनेक खेळांमध्ये ७७००के पुढे होता. ‘उत्तम प्रोसेसर कोणता’ या प्रश्नाला कामाचे नाव घेतल्याशिवाय उत्तर नसते, हे या जोडीवरून स्पष्ट होते.

मानक चाचण्या

सर्व प्रोसेसरांवर तेच काम करवून घेणाऱ्या आज्ञावलीस मानक चाचणी किंवा बेंचमार्क म्हणतात. १९७२ ची व्हेटस्टोन आणि १९८४ ची ड्रायस्टोन या प्रारंभीच्या चाचण्या लहान व कृत्रिम होत्या. १९८८ साली स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेने प्रत्यक्ष वापरातील आज्ञावल्यांवर आधारित चाचणीसंच तयार केले. डेस्कटॉपसाठी सिनेबेंचसारख्या चाचण्याही प्रचलित आहेत.

अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करताना सरासरीची निवड महत्त्वाची ठरते. समजा, तीन चाचण्यांत ‘अ’चा वेग ‘ब’च्या अनुक्रमे २ पट, १ पट व अर्धा आहे. या गुणोत्तरांची साधी सरासरी सुमारे १.१७ येते व ‘अ’ सरस वाटतो. पण हीच गुणोत्तरे ‘ब’च्या बाजूने मांडली, तरी सरासरी १.१७ च येते व ‘ब’ सरस ठरतो. भूमितीय सरासरी मात्र दोन्ही बाजूंनी १ येते; म्हणून अशा गुणोत्तरांसाठी तीच वापरतात.

चाचण्यांवरील आक्षेप

चाचणीचा निकाल प्रोसेसरइतकाच कंपायलरवरही अवलंबून असतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० साली इंटेलशी केलेल्या तडजोडीत, इंटेलचे कंपायलर इतर कंपन्यांच्या प्रोसेसरांबाबत भेद करू शकतात, हे आज्ञावलीकारांना कळवण्याची अट होती. सिसमार्क या चाचणीच्या निष्पक्षतेवर आक्षेप घेत एएमडी २०११ साली ती तयार करणाऱ्या बॅपको या संघातून बाहेर पडली. २०२४ साली स्पेकने इंटेलच्या प्रोसेसरांचे अडीच हजारांहून अधिक निकाल अग्राह्य ठरवले. कारण वापरलेल्या कंपायलरमध्ये एका विशिष्ट चाचणीपुरतीच सुधारणा असल्याचे संस्थेचे मत झाले. त्यामुळे उत्पादक कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आकड्यांची स्वतंत्र चाचण्यांशी पडताळणी करणे आवश्यक मानले जाते.

पुण्यातील महासंगणकांचे उदाहरण

कागदावरील क्षमता व मोजलेली कामगिरी यांतील अंतर महाराष्ट्रातील महासंगणकांच्या आकड्यांतून चांगले समजते. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार केला. त्यात इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर एकत्र जोडले होते. पुढच्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर ४ प्रोसेसर होते, जून २००३ च्या टॉप ५०० यादीत त्याला १७१ वे स्थान मिळाले.

टाटा समूहाच्या पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला. त्यात इंटेलच्या झिऑन प्रोसेसरांचे १४,२४० गाभे होते. ३ गिगाहर्ट्‌झवर प्रत्येक गाभा ठोक्याला ४ गणिती क्रिया करू शके. या हिशेबाने कमाल क्षमता १७०.८८ टेराफ्लॉप्स होते. लिनपॅक चाचणीत प्रत्यक्ष ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सुमारे ६९ टक्के मोजली गेली. गाभ्यांमधील माहितीची देवाणघेवाण व स्मृतीची प्रतीक्षा यांत उरलेली क्षमता खर्ची पडते. डेस्कटॉपवरही प्रमाण वेगळे असले तरी हेच घडते.

तापमान आणि वीज

प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की तो स्वतःच वारंवारता कमी करतो. वीजवापर तोच राहिला, तर खोलीचे तापमान जितके अधिक तितकाच प्रोसेसरही साधारणपणे अधिक तापतो. वातानुकूलित प्रयोगशाळेत मिळालेला निकाल रत्नागिरीसारख्या किनारी भागात एप्रिल-मे महिन्यांत केवळ पंख्यावर चालणाऱ्या खोलीत तसाच मिळेल असे नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या कामांत हा फरक अधिक जाणवतो. पेटीवरचा वॅटचा आकडाही नेहमी कमाल वीजवापर दाखवत नाही : इंटेलच्या कोअर आय९-१२९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट, तर कमाल टर्बो शक्ती २४१ वॅट आहे.

दोन संगणकांच्या वीजवापरात ६० वॅटचा फरक असेल, तर दिवसाला ८ तास व वर्षाला ३०० दिवस या हिशेबाने एका संगणकामागे १४४ युनिटांचा फरक पडतो. २० संगणकांच्या शालेय प्रयोगशाळेत तो २,८८० युनिट होतो. खरेदीच्या वेळी वाचलेली रक्कम अशा रीतीने वीजबिलात जाऊ शकते.

निवडीचे निकष

तुलना ग्राह्य धरण्यापूर्वी दोन्ही संगणकांतील स्मृती, साठवण, ग्राफिक्स कार्ड, शीतक व कार्यप्रणाली सारखी होती का, चाचणी एकाहून अधिक वेळा घेतली का आणि चाचणीतील काम वापरकर्त्याच्या कामाशी जुळते का, हे तपासले जाते. मराठी टंकलेखन, हिशेब, आंतरजाल व विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅमिंग यांसाठी मध्यम श्रेणीचा प्रोसेसर सहसा पुरतो. तेथे पुरेशी स्मृती व एसएसडी साठवण यांचा परिणाम अधिक जाणवतो. चित्रफीत-संपादन व त्रिमिती आरेखनासाठी अधिक गाभे उपयोगी पडतात. खेळांसाठी एका गाभ्याचा वेग व मोठी कॅश लाभदायक ठरतात. २०२२ साली आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये याच हेतूने ९६ मेगाबाइट तृतीय-स्तरीय कॅश देण्यात आली.