पडवीतली ट्यूब

आमच्या कोकणातल्या घराच्या पडवीत चार फुटी ट्यूब लागली तेव्हा मी पाचवीत होतो. तोवर तिथे साठचा पिवळा बल्ब होता आणि त्याच्या उजेडात खळ्याचा अर्धा भागच दिसायचा. ट्यूब आली आणि थेट पायरीखालच्या जास्वंदीपर्यंत लख्ख दिसू लागलं. फक्त ती पेटायला हवी. संध्याकाळी गावभर दिवे लागले की व्होल्टेज पडायचं आणि ट्यूब नुसती मिचमिचत बसायची. मग दादा स्टुलावर चढून स्टार्टर जरासा फिरवून काढून घ्यायचा, आणि त्या क्षणी ट्यूब भक्कन पेटायची. स्टार्टर रात्रभर खिडकीच्या चौकटीवर पडलेला असायचा. "राहू दे बाहेरच, ट्यूब पेटली की त्याचं काम संपलं," असं वायरमनकाका म्हणाले होते.

काका बरोबर होते. ट्यूबच्या नळीत थोडा वायू आणि चिमूटभर पारा असतो. स्टार्टरच्या आत धातूची पातळ पट्टी असते. ती तापून वाकते आणि टेकते, तेव्हा नळीच्या दोन्ही टोकांच्या तारा गरम होतात. पट्टी गार होऊन सुटली की चोक जोराचा झटका देतो आणि नळीतून वीज वाहू लागते. पाऱ्याच्या वाफेतून मग अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण नळीला आतून लावलेली पांढरी पूड त्यांचा दिसणारा प्रकाश करते. उशिरा समजणाऱ्याला आपण 'ट्यूबलाइट' म्हणतो, त्याचं श्रेय या एवढ्याशा स्टार्टरला आहे.

बाहेर लावायच्या दिव्याचा विचार करताना मला ही पेटण्याची भानगडच सगळ्यात महत्त्वाची वाटते. नळीच्या टोकांच्या तारांवर एक लेप असतो आणि दर वेळी पेटताना तो थोडा झिजतो. टोकं काळी पडतात ती त्यामुळे. म्हणून ट्यूब आणि सीएफएल हे तासन् तास जळायचे दिवे आहेत. पडवी, सोसायटीचा जिना, गोठ्याचं दार अशा रात्रभर उजेड लागणाऱ्या जागी ते निमूट काम करतात. न्हाणीघराकडची वाट, मागचं दार, माणूस आला की लागणारा सेन्सरचा दिवा इथे ते लावू नयेत. दिवसाला वीस वेळा पेट-विझ झाली की खोक्यावर छापलेल्या तासांना काही अर्थ उरत नाही.

आता बिलाचं बघू. जुनी जाडी ट्यूब चाळीस वॉटची, पण लोखंडी चोक स्वतः दहा-पंधरा वॉट खातो. म्हणजे धरा पंचावन्न. रोज बारा तास जळली तर महिन्याला साधारण २० युनिट होतात. २० वॉटची एलईडी पट्टी तेवढ्याच वेळात सातेक युनिट खाते. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटच्या पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं, आणि छोट्या घराला त्या रेषेपलीकडे ढकलणारा अनेकदा हा रात्रभर जळणारा बाहेरचा दिवाच असतो. पूर्वीचे लोक बाहेर 'झिरोचा बल्ब' लावून निश्चिंत असत. तो झिरो बारा-पंधरा वॉटचा असायचा. जुन्या मीटरला एवढा बारीक भार कळत नव्हता, इतकंच.

दिव्याहून जास्त चुका होतात त्या जागेत. कोकणातला पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो. उघडी पट्टी वळचणीच्या कडेला लावली तर पहिल्याच आषाढात होल्डर हिरवे पडतात. पट्टी भिंतीला लागून, छपराच्या आत निदान दोन हात हवी. तसं छप्पर नसेल तर बंद फिटिंग घ्या आणि त्यावरचा आयपी आकडा वाचा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण, ६५ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवाराही चालेल. गच्चीच्या कठड्यावर किंवा फाटकाच्या खांबावर ६५ पेक्षा कमी घेऊ नका. एक अडचण मात्र आहे. बंद काचेच्या गोळ्यात सीएफएल उलटा टांगला तर उष्णता वर चढते आणि त्याच्या बुडातलं सर्किट भाजून निघतं. आमच्या फाटकावरचे दोन असेच वर्षाच्या आत गेले. तिथे कमी वॉटचाच दिवा हवा.

लोखंडी पट्टीला अर्थिंग हवंच, आणि बाहेरच्या लाइनीवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. यात काटकसर करू नये.

रंगाबद्दल माझं मत थोडं हट्टाचं आहे. ट्यूबच्या टोकाशी ८६५ असा आकडा छापलेला असतो. त्यातला आठ म्हणजे वस्तूंचे रंग बऱ्यापैकी खरे दिसतील, आणि ६५ म्हणजे ६५०० केल्विन, निळसर पांढरा. ८२७ म्हणजे पिवळट, जुन्या बल्बसारखा. आपल्याकडे दुकानदार न विचारता पांढराच देतो, कारण पांढरा म्हणजे 'जास्त लाइट' असा समज आहे. पण निळ्या आणि अतिनील उजेडावर किडे झेप घेतात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी ज्या पडवीत ढिगाने पडते, तिथे बहुधा पांढरी ट्यूब असते, आणि पट्टीमागे एक गलेलठ्ठ पाल. पिवळट दिव्याकडे किडे कमी येतात. ताटात पंख पडणार नाहीत, हे काय कमी आहे?

वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यावर घर असेल तर हा प्रश्न किड्यांपुरता राहत नाही. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून निघाली की सगळ्यात उजळ क्षितिजाकडे चालू लागतात. एरवी ते क्षितिज समुद्राचं असतं. माडांमागे कुणाची पांढरी ट्यूब रात्रभर जळत असेल तर ती उलटी फिरतात. तिथे दिवा खाली तोंड केलेला, समुद्राकडून आडोसा असलेला आणि पिवळाच हवा. सह्याद्रीच्या पायथ्याशी काजव्यांच्या दिवसांतही दिवा लवकर मालवावा. त्यांची लुकलुक म्हणजे जोडीदाराला साद असते आणि झगझगीत उजेडात ती विरून जाते.

मग आज नवी ट्यूब घ्यावी का? माझ्या मते नाही. जळतेय ती जळू द्या, पण गेली की तिच्या जागी एलईडी पट्टी आणा. एकतर पारा. सीएफएलमध्ये तो जेमतेम काही मिलिग्रॅम असतो, जुन्या ट्यूबमध्ये त्याहून जास्त. ज्या जपानी शहराने पाऱ्याचं विष भोगलं त्या मिनामाताच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. चोक बुडातच असलेल्या सीएफएलचं उत्पादन २०२५ पर्यंत आणि लांब नळ्यांचं २०२७ पर्यंत थांबवायचं, असं करारातल्या देशांनी ठरवलं आहे. थोडक्यात, सुटे भाग मिळणं दिवसेंदिवस अवघड होणार. जुन्याच पट्टीत एलईडी नळी बसवायची असेल तर आधी तिच्यासोबतचा वायरिंगचा कागद वाचा. काहींना चोक काढावा लागतो, काहींना स्टार्टरच्या जागी दिलेला खोटा स्टार्टर बसवावा लागतो. अंदाजाने जोडू नका, वायरमनला बोलवा.

आमच्या लहानपणी गेलेली ट्यूब म्हणजे पोरांची चंगळ. कुणी ती कुटून मांज्याला काच लावायचा, कुणी नुसतीच 'फट्' आवाजासाठी दगडावर आपटायचा. ती पांढरी पूड आम्ही नाकातोंडात घेतली हे आता आठवलं की अंगावर काटा येतो. घरात ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा, झाडू न फिरवता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, ओल्या कागदाने जागा पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरा. ट्यूब आणि सीएफएल २०१६ पासून ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, तेव्हा त्या घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

दिवाळीत आकाशकंदील टांगायला शिडी काढालच. तेव्हा मेन स्विच बंद करा आणि बाहेरच्या ट्यूबवरची वर्षाची धूळ नि जळमटं कोरड्या फडक्याने पुसून घ्या. नवा दिवा घ्यावा की नाही, हे त्यानंतर ठरवा.