पोशीर ते कर्जत : नकलेचा एक दिवस

सकाळी ६. भाताची झोडणी उरकली की आमच्या पोशीरमध्ये कोर्टाची कामं वर येतात. पावसाळाभर बायकांना मान वर करायला सवड नसते. मी कर्जतच्या तालुका विधी सेवा समितीची विधी स्वयंसेवक आहे, आणि माझ्याकडे येणारी दर दुसरी बाई नवा दावा लावायला आलेली नसते. तिला तिच्या जुन्या प्रकरणाचा कागद हवा असतो.

आज ओटीवर गावातलीच एक काकी येऊन बसली होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी तिला पोटगीचा आदेश मिळाला. नवऱ्याने काही वर्षं पैसे पाठवले, मग हात आखडला. आता रक्कम वाढवून मागायची, तर जुना आदेश हाताशी हवा. एका पावसाळ्यात कौलं फुटून ट्रंक भिजली आणि त्यात तो कागद गेला.

"केस कुठल्या सालची, काकी?"

"थोरलीला शाळेत घातली ना, त्या सालची."

"आणि नंबर?"

"नंबर वकिलाला ठावं. ते वारलं."

कोर्टातल्या कागदाचा पत्ता तीन गोष्टींनी बनतो: अर्जाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष. या तीन कळल्या की रेकॉर्डमधून फाइल निघते. त्या नसतील तर पक्षकारांची नावं घेऊन वर्षावर्षाची रजिस्टरं चाळावी लागतात, आणि नावात "तुकाराम"चं "तुका" झालेलं असलं की तेही फसतं. म्हणून मी घरातले सगळे चिठोरे आणायला सांगते. वकिलाची पावती, समन्सचा कागद, लाइटच्या बिलामागे लिहिलेली तारीख, काहीही.

काकीने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, लसीचा कागद, आणि रबर लावलेली मनीऑर्डरची कूपनं. पैसे घेतल्यावर पोस्टमन जो संदेशाचा तुकडा फाडून देत असे, तो तिने दर वेळी जपून ठेवला होता. वरच्या तीन तुकड्यांवर फक्त महिना. चौथ्यावर निळ्या शाईत नवऱ्याचं अक्षर: पोटगीची रक्कम, महिना, आणि खाली अर्जाचा क्रमांक, तिरकी रेघ, ९९. पैसे दिल्याचा पुरावा आपल्याकडे राहावा म्हणून त्याने तो लिहिला असणार. काकीला वाचता येत नाही. इतकी वर्षं नंबर तिच्याच पिशवीत होता.

रक्कम पाहून पोटात तुटलं. महिना चारशे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली तेव्हा पोटगीच्या रकमेला कमाल मर्यादा होती. ती मर्यादा २००१ मध्ये उठली. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून मागता येते हे कायद्यात तेव्हाही होतं. काकीला ते कोणी सांगितलं नाही.

साडेआठ. मिनीडोअरने नेरळ. गाडीत दाटीवाटीने गावच बसलेला असतो, म्हणून मी प्रवासात कोणाच्याही केसबद्दल चकार शब्द काढत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने त्या कायद्याखालची प्रकरणं बंद दाराआड चालवायची आणि त्यांचा मजकूर छापायचा नाही असं सांगितलंय. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही बंद दाराआड सुनावणीची सोय आहे. कोर्टाने जे दार लावून घेतलं ते मिनीडोअरमध्ये उघडायचं नसतं.

बोलणं नेरळच्या फलाटावर, लोकलची वाट बघताना. तिथे ठाकूरवाडीतली एक ताई भेटायची ठरली होती. तिने घडी उलगडली: स्टँप पेपर, दोघांचे अंगठे, चार पंच, नोटरीचा लाल शिक्का. वर ठळक अक्षरांत "फारकतनामा". लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी नवरा किंवा वडील यांचं आधार लागतं. घटस्फोट झाला असेल तर त्याचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश जोडायचा असतो. "हा कोर्टातला कागद, याची नक्कल काढून द्या," ती म्हणाली.

हा कोर्टातला कागद नाही हे तिला सांगणं दिवसातलं सर्वांत जड काम. तो कोर्टाच्या आवाराजवळ झाला, शिक्का मारणारा काळ्या कोटात होता, पैसेही कोर्टाचे म्हणून घेतले गेले. पण प्रकरण दाखलच झालं नाही, त्यामुळे कुठल्याही रजिस्टरात त्याची ओळ नाही आणि नक्कल काढायला मूळच नाही. अशा कागदांवर शिक्का मारताना समोरच्या बाईला एवढं एक वाक्य सांगायला हवं. ते न सांगणं मला अन्याय वाटतो.

तिच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे तो कायदा अनुसूचित जमातींना, केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय, लागू होत नाही. ठाकूर समाजात पंचांपुढे, रीतीप्रमाणे सोडमोड होते. त्या रीतीला कायद्यात जागा आहे, पण ती सिद्ध करावी लागते. दिवाणी न्यायालयाकडून तसं जाहीर करून घेणं हा एक रस्ता. दुसरं, पोटगीचं कलम जात-जमात बघत नाही, ते तिलाही लागू आहे. तिला मी समितीच्या वकिलांची वेळ घेऊन दिली. वकिलाची फी द्यावी लागणार नाही: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया आणि अनुसूचित जमातीचे लोक दोन्ही येतात. तिने कागद पुन्हा चार घड्या घालून ठेवला आणि म्हणाली, "मंग पंचांना पन आनू का?" आण म्हटलं. तेच साक्षीदार.

साडेदहा. भिवपुरी रोड, कर्जत, आणि कोर्ट. पुकारा अकराला सुरू होतो. नकलेचं काम त्याआधी हातावेगळं करावं.

खास कौटुंबिक न्यायालय मुंबईत बांद्र्याला १९८९ पासून आहे. आमच्या तालुक्यात तसं वेगळं न्यायालय नाही, म्हणून एकाच घराचे कागद तीन ठिकाणी विखुरतात. पोटगी आणि घरगुती हिंसाचार दंडाधिकाऱ्यांकडे. घटस्फोट वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. मुलाच्या ताब्याचा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत, म्हणजे अलिबागची वाट. खोपोली, पेण, वडखळ करत तिथे पोचेपर्यंत अर्धा दिवस सरतो. म्हणून बाईला पहिला प्रश्न "कोणत्या साहेबांपुढे उभी राहिलीस" हा नाही. "काय मागितलं होतंस" हा. त्यावरून कोर्ट ठरतं.

काकीचा अर्ज मी लिहिला. दोन्ही पक्षांची पूर्ण नावं, अर्जाचा प्रकार, क्रमांक व वर्ष, निकालाची तारीख (माहीत नसेल तर अंदाजे महिना), आणि "खालील कागदांच्या खऱ्या नकला मिळाव्यात". या ओळीखाली नुसतं "संपूर्ण फाइल" लिहू नये, पानांचा खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. तिला हवा आहे आदेश आणि रोजनामा. रोजनाम्यात दर तारखेला कोण हजर होतं, काय घडलं, हे दोन-दोन ओळींत असतं. नवरा कधी पैसे भरतो म्हणाला, कधी गैरहजर राहिला, सगळं तिथे उतरलेलं. वाढीच्या अर्जात वकिलाला त्याचा फार उपयोग होतो.

अर्जात एक वाक्य मी ठळक घालते: पोटगीच्या आदेशाची प्रत विनामूल्य मिळावी. जुन्या कलम १२८ मध्ये ते होतं, २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १४७ आहे. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना फुकट द्यायची, हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) मध्ये. हिंसाचाराच्या कायद्यात कलम २४. वर महाराष्ट्र शासनाची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे, पोटगी, मालमत्ता, हिंसाचार व घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ. पहिली प्रत हा बाईचा हक्क आहे. किती बायका ही प्रत न घेताच घरी जातात, कारण निकालाच्या दिवशी त्यांना वाटतं की काम संपलं.

काकीचा नंबर संगणकावर लागला नाही, आणि लागेल अशी अपेक्षाही नव्हती. ई-कोर्टच्या अॅपवर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर किंवा पक्षकाराचं नाव टाकलं की अलीकडची प्रकरणं दिसतात. संगणक येण्याआधी निकाली निघालेली सगळी तिथे चढलेली नाहीत. ती रजिस्टरातच. १९९९ चं रजिस्टर निघालं: उभ्या रेघांची मोठी पानं, नाव, अर्जाची तारीख, निकालाची तारीख. कूपनवरचा क्रमांक आणि रजिस्टरातली ओळ जुळली. काकीचं माहेरचं आडनाव चुकीचं चढलं होतं, म्हणजे नावाने शोधलं असतं तर हाती काही लागलं नसतं. अर्ज स्वीकारला गेला, पुढच्या आठवड्यात यायचं.

बारा. दुसऱ्या गावची एक मुलगी. वडील वारले, सातबाऱ्यावर वारस लावायचे आहेत, आणि वडिलांची पहिली बायको म्हणते घटस्फोट झालाच नव्हता. मुलगी त्या प्रकरणात पक्षकार नव्हती. अशा वेळी साध्या अर्जावर भागत नाही, कागद कशासाठी हवाय ते प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं आणि देणं न देणं कोर्ट ठरवतं. तिच्या भावाने माहितीच्या अधिकारात मागू म्हटलं. तो रस्ता नको. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे की कोर्टाच्या फाइलमधले कागद कोर्टाच्या नियमांनीच मागायचे. मला हे पटतं. घरातल्या भांडणाचा कागद कोणालाही पोस्टाने मिळू लागला तर बाया तोंड उघडणार नाहीत.

दोनला डबा. मध्येच कॅलिफोर्नियातून कर्जतच्याच एका मुलाचा फोन: तिथे पुन्हा लग्न करायचंय, इथल्या घटस्फोटाचा हुकूमनामा हवा, वर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा दाखला. तिकडे अशी फाइल त्या-त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लर्ककडे असते आणि बहुतेक वेळा कोणीही मागू शकतो, याचं त्याला अप्रूप. इथे त्याच्या वकिलाने किंवा मुखत्यारपत्र दिलेल्या माणसाने अर्ज करावा, म्हटलं.

तीन. मागे मागितलेली एक नक्कल तयार होती. हातात आल्याबरोबर खिडकीपाशीच तपासायची. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटी "खरी नक्कल", तयार करणाऱ्याची आणि रुजवात घेणाऱ्याची सही. मग तारखा: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपील करायचं असेल तर नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १२. तारीख पुसट असेल तर ते दिवस सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. आज एका पानाचा शिक्का अर्धाच उमटला होता, तो पुन्हा मारून घेतला.

संध्याकाळी साडेसहा. ती नक्कल जिची, तिच्या घरी. आदेश इंग्रजीत आहे, म्हणून ओळ-ओळ मराठीत सांगितला. महिना किती, मुलीसाठी वेगळे किती, आणि कोणत्या तारखेपासून. ही तारीख मी दोनदा वाचते. रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितलं, आणि या आदेशातही तसंच आहे. म्हणजे थकबाकी तिला वाटत होती त्याहून मोठी.

पण वसुलीला घड्याळ लागलेलं आहे. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या हप्त्यासाठी वॉरंट निघत नाही. डिसेंबर लागलाय, गेल्या जानेवारीचा हप्ता हातचा जायला थोडेच दिवस उरलेत. नवरा बदलापूरला राहतो. आदेश कर्जतचा असला तरी तो जिथे आहे तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून अंमलबजावणी करून घेता येते, त्यासाठीच ही नक्कल. सासू दारातून ऐकत होती, ती म्हणाली, "त्याची आई असून सांगते, सोडू नको."

सोमवारी अर्ज दाखल करायचा ठरला. बरोबर घ्यायचं: नकलेच्या दोन झेरॉक्स, आधार, पासबुकाचं पहिलं पान, महिन्यांचा हिशेब. मूळ नक्कल घरीच, आणि प्रकरणाचा नंबर मुलीच्या वहीत, भावाच्या मोबाइलमध्ये आणि माझ्या डायरीत.