संगणकजालावरील वाद्यवृंद

संगणकजालावरील वाद्यवृंद ही संगीतनिर्मितीतील एक पद्धत आहे. तीत पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिनमुने (सॅम्पल) आणि सभागृहाचा निनाद निर्माण करणारे सॉफ्टवेअर एकाच संगणकावर न चालवता जोडलेल्या अनेक संगणकांत वाटून दिले जाते. मुंबईच्या अंधेरी, गोरेगाव या उपनगरांतील चित्रपट व मालिकांच्या पार्श्वसंगीताच्या लहान खोल्यांना या पद्धतीचा विशेष उपयोग झाला.

नमुने आणि स्मृतीची मर्यादा

नमुना-संचात प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर निरनिराळ्या जोराने व निरनिराळ्या वादनप्रकारांत ध्वनिमुद्रित केलेला असतो. व्हायोलिनचा एकच स्वर दीर्घ, तुटक, कंपित किंवा बोटाने छेडलेला असू शकतो. त्यामुळे एका स्वरासाठी अनेक फाइली लागतात. १९९८ साली आलेल्या गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरने स्वराचा केवळ आरंभ संगणकाच्या स्मृतीत ठेवून उरलेला भाग वाजवतेवेळी हार्ड डिस्कवरून वाचण्याची युक्ती रूढ केली. तरीही असे हजारो आरंभ स्मृतीत मावणे आवश्यक होते. ३२ बिटांच्या संगणकाला जास्तीत जास्त ४ गिगाबाइट स्मृतीचा पत्ता देता येतो आणि विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमच्या वाट्याला साधारणपणे त्यातील निम्मीच येई. म्हणून तंतुवाद्ये एका संगणकावर, पितळी वाद्ये दुसऱ्यावर आणि तालवाद्ये तिसऱ्यावर अशी विभागणी सुरू झाली.

जोडणी

रचना मुख्य संगणकावर लिहिली जाते. तेथून कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजवायचा एवढाच संदेश दुय्यम संगणकांकडे जातो आणि त्यांच्याकडून प्रत्यक्ष ध्वनी परत येतो. १९८३ पासून प्रचारात असलेल्या मिडी प्रणालीच्या एका केबलमधून केवळ १६ वाहिन्या जात. परतीच्या ध्वनीसाठी प्रत्येक संगणकाला स्वतंत्र साउंड कार्ड व केबली लागत. व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो यांसारख्या सॉफ्टवेअरमुळे आता जाणेयेणे एकाच इथरनेट केबलवरून होते. ४८,००० हर्ट्झ व २४ बिट दर्जाच्या एका ध्वनिवाहिनीला सेकंदाला सुमारे ११.५ लाख बिट लागतात, त्यामुळे गिगाबिट जाल त्यासाठी पुरेसे आहे. वायफाय मात्र या कामी भरवशाचे नाही.

खरी अडचण विलंबाची असते. २५६ नमुन्यांच्या एका टप्प्याला सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून पावणेदोन मीटरच्या आसपास जातो. जाल असे एकदोन टप्पे आणखी वाढवते आणि मग कीबोर्डवर बोट ठेवणाऱ्याला स्वर मागे पडल्याचे जाणवू लागते.

निनाद

निनाद आणि प्रतिध्वनी हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. ते योग्य नव्हे. प्रतिध्वनी मूळ ध्वनीपासून वेगळा ऐकू येतो. निनादात असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून ध्वनी रेंगाळतो. एखाद्या सभागृहात फुगा फोडून किंवा क्रमाने चढत जाणारा स्वर वाजवून त्या वास्तूचा प्रतिसाद ध्वनिमुद्रित करता येतो. पुढे कोणत्याही कोरड्या ध्वनीवर त्या प्रतिसादाचा संस्कार करता येतो. प्रतिसाद ३ सेकंदांचा असेल, तर सरळ पद्धतीने एका वाहिनीसाठी सेकंदाला सुमारे ६९१ कोटी गुणाकार करावे लागतील. फूरिये रूपांतराने हे काम पुष्कळच कमी होते. तरीही अनेक वाद्यसमूहांना त्यांच्या जागेनुसार वेगवेगळा निनाद द्यायचा झाल्यास त्यासाठी स्वतंत्र संगणक ठेवणे सोयीचे ठरत असे. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीने आपले नमुने मुद्दाम कोरड्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले आणि व्हिएन्नाच्या कोन्त्सर्टहाउसचा निनाद वेगळा पुरवला. उपनगरातील दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सभागृह ऐकू येते, ते असे.

मुंबईतील संदर्भ

ताडदेवचे फिल्म सेंटर आणि वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ येथे एकेकाळी मोठा वाद्यवृंद प्रत्यक्ष बसत असे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे संगीत संयोजक त्याची स्वरलिपी लिहीत. सिंथेसायझर, बहुपथ ध्वनिमुद्रण आणि नंतर नमुना-संच आल्यावर या वादकांचे काम आटले. गेले ते केवळ रोजगार नव्हेत, तर शेजारी बसून एकमेकांचा श्वास ओळखत वाजवण्याची सवयही गेली. व्हिएन्ना किंवा लंडनमध्ये ध्वनिमुद्रित नमुन्यांत हिंदी-मराठी गीतांतील व्हायोलिनसमूहाची मींड सहसा सापडत नाही. दोन स्वरांमधील संक्रमण स्वतंत्र ध्वनिमुद्रित केलेले असले, तरी ते पाश्चात्त्य वळणाचे असते. त्यामुळे अनेक संगीतकार संगणकावरील वाद्यवृंदावर दोनचार खऱ्या वादकांचे वादन चढवतात. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी अमेरिकेतील सोनी स्कोअरिंग स्टेजवर प्रत्यक्ष वाद्यवृंद वापरला, पण तेवढा खर्च प्रत्येक निर्मितीला पेलत नाही.

सद्यस्थिती

६४ बिटांचे संगणक, १२८ गिगाबाइट स्मृती आणि एसएसडी यांमुळे आज पुष्कळदा एकच संगणक पुरतो. तरीही काही जण दुसरा संगणक बाळगतात, कारण मुख्य संगणकावर एक रचना बंद करून दुसरी उघडली तरी त्याच्यावरील नमुने स्मृतीत तसेच राहतात आणि ते पुन्हा भरण्यात वेळ जात नाही. मात्र वीज गेली की तेही पुसले जातात. म्हणून दुय्यम संगणकालाही यूपीएस जोडावा लागतो.