दोन मिनिटांच्या शर्यतीचा दिवसभराचा पाहुणचार

अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिल नगरात मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी घोड्यांची जी शर्यत होते, ती सव्वा मैलाची असून अवघ्या दोन मिनिटांत संपते. परंतु त्या दोन मिनिटांसाठी तेथील असंख्य घरांतून दुपारपासूनच पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, मेजांवर तांबड्या गुलाबांचे गुच्छ मांडले जातात, पुदिन्याच्या जुड्या धुऊन निथळत ठेवल्या जातात आणि ज्यांनी रेसकोर्सचे दर्शन कधी घेतलेले नसते, अशी माणसेही घोड्यांची नावे मोठ्या जिव्हाळ्याने उच्चारू लागतात. केंटकी डर्बी ती हीच. महालक्ष्मीच्या मैदानावरील इंडियन डर्बी ज्यांनी पाहिली असेल त्यांना शर्यतीचा थरार सांगावयास नको. पण घरोघरी होणारा हा पाहुणचार आपल्याकडे फारसा परिचित नाही, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या वाट्याला तो आता पाहुणे म्हणून आणि यजमान म्हणूनही येऊ लागला आहे.

या शर्यतीचा पाया मेरिवेदर लुईस क्लार्क नावाच्या तरुणाने घातला. इंग्लंडातील एप्समची डर्बी पाहून भारावून परतलेल्या या गृहस्थाने चर्चिल आडनावाच्या आपल्या मामांची जमीन खंडाने घेऊन तेथे मैदान उभारले, आणि १७ मे १८७५ रोजी पंधरा घोड्यांची पहिली शर्यत पार पडली. पुढे मामांच्याच नावावरून ते स्थळ चर्चिल डाउन्स म्हणून ख्यात झाले. प्रारंभी दीड मैलाचे असलेले अंतर १८९६ साली सव्वा मैलावर आणण्यात आले. भाग घेण्याची मुभा केवळ तीन वर्षांच्या जातिवंत घोड्यांना, तीही जास्तीत जास्त विसांना. म्हणजे एका घोड्याच्या उभ्या आयुष्यात ही संधी एकदाच येते, आणि या शर्यतीविषयीच्या उत्कंठेचे मूळ माझ्या मते येथेच आहे. १९७३ साली सेक्रेटेरिएट या तांबूस घोड्याने हे अंतर १ मिनिट ५९.४ सेकंदांत कापले. तो विक्रम आजतागायत अबाधित आहे. विजेत्या घोड्याच्या पाठीवर चारशेहून अधिक तांबड्या गुलाबांची झूल घालतात, म्हणून या दिवशी घरच्या सजावटीत दुसरे कोणतेही फूल शोभत नाही.

यजमानाचे खरे कसब प्रतीक्षेचे तास रमणीय करण्यात आहे. पोशाखाचा दस्तूर पाहुण्यांना आमंत्रणातच कळवावा: स्त्रियांनी रुंद काठाच्या, फुलापिसांनी मढविलेल्या टोप्या घालाव्यात, पुरुषांनी फिकट रंगाचे उन्हाळी सूट. ही हौस अलीकडची नव्हे. प्रतिष्ठित कुटुंबांतील स्त्रीपुरुषांनी नटूनथटून शर्यतीस यावे, हा क्लार्कचा आरंभापासूनचा आग्रह होता.

पेयांत मान मिंट ज्युलेपचा. केंटकीची बर्बन व्हिस्की, जिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो आणि जी आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत मुरवितात, ती या पेयाचा प्राण होय. समभाग साखर आणि पाणी यांचा पातळ पाक करून, तो उतरविल्यावर त्यात पुदिन्याची पाने घालून थंड होऊ द्यावा व गाळून घ्यावा. चांदीच्या अथवा तत्सम धातूच्या पेल्यात थोडा पाक व व्हिस्की घालून वर बर्फाचा चुरा शिगोशीग भरावा, आणि शेवटी पुदिन्याचा एक तुरा तळहातावर हलकेच थोपटून खोवावा, म्हणजे त्याचा सुगंध मोकळा होतो. पाने चुरगाळल्यास मात्र कडवटपणा उतरतो. पेला काठाशी किंवा बुडाशी धरावा, कारण मध्यावर धरल्यास त्याच्या बाह्यांगावर साचलेला हिमकणांचा शुभ्र थर बोटांच्या उष्णतेने विरघळून जातो. मद्य न घेणाऱ्यांसाठी त्याच पाकात लिंबाचा रस आणि सोडा घालून त्याच पेल्यात द्यावे. त्यांचा पाहुणचार रतिभर उणा पडू नये.

खाद्यपदार्थ उभ्याउभ्या, एका हाताने खाता येतील असे असावेत. लुईव्हिलच्या जेनी बेनेडिक्ट या पाककुशल बाईंच्या नावाने ओळखले जाणारे बेनेडिक्टाइन त्यांत अग्रगण्य: काकडी किसून तिचे पाणी पार पिळून काढावयाचे, क्रीम चीजमध्ये ती कालवून किंचित कांद्याचा रस व मीठ घालावयाचे, आणि कडा कापलेल्या पावाच्या चतकोरांत ते मिश्रण भरावयाचे. पाणी नीट पिळले नाही तर पाव लिबलिबीत होतो, एवढेच अवधान. मांसाहारी मंडळींसाठी बर्गू, म्हणजे मांस, मका, घेवडा, भेंडी असे जिन्नस तासन्‌तास शिजवून केलेला दाट रस्सा, तो वाटीतून द्यावा. ब्राउन हॉटेलात १९२६ साली जन्मलेला हॉट ब्राउन कितीही नामांकित असला, तरी सॉसमध्ये बुडालेला तो पाव काट्यासुरीविना खाता येत नाही. तो या प्रसंगी वगळावा.

शर्यतीपूर्वी घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत घालून प्रत्येकाला एक उचलावयास लावण्याचा शिरस्ता आहे. ज्याला घोड्यातले ओ की ठो कळत नाही, तोही आपल्या चिठ्ठीवरील नावासाठी गळा फाडून ओरडतो.

इतका सरंजाम झाल्यावरही एक गोष्ट राहते, आणि तिच्याविना हा सोहळा मला अपुरा वाटतो. केंटकीत गुलामगिरी १८६५ सालच्या डिसेंबरपर्यंत कायदेशीर होती. त्यानंतर दहा वर्षांच्या आत झालेल्या पहिल्या डर्बीतील पंधरा स्वारांपैकी तेरा कृष्णवर्णीय होते. विजेत्या ॲरिस्टायडीसवर ऑलिव्हर लुईस आरूढ होता, आणि त्या घोड्याला तयार करणारा ॲन्सेल विल्यमसन जन्माने गुलाम होता. पहिल्या अठ्ठावीस शर्यतींपैकी पंधरा कृष्णवर्णीय स्वारांनी जिंकल्या. मग वर्णद्वेषाने आणि प्रतिस्पर्ध्यांच्या दांडगाईने त्यांना मैदानाबाहेर घालविले. १९०१ आणि १९०२ अशा लागोपाठ दोन वर्षी विजयी झालेल्या जिमी विंकफील्डला पुढे झारच्या रशियात जाऊन आपले कौशल्य दाखवावे लागले, आणि त्याच्यानंतर एकाही कृष्णवर्णीय अमेरिकन स्वाराला ही शर्यत जिंकता आलेली नाही. घोडे मैदानात येताना सारा समुदाय उभा राहून गातो ते स्टीफन फॉस्टरचे १८५३ सालचे गीतही मुळात विकल्या जाणाऱ्या एका गुलामाचा आपल्या घराला निरोप आहे. त्यातील अपमानास्पद शब्द राज्याच्या विधिमंडळाने १९८६ साली बदलला. गाणाऱ्यांपैकी अनेकांना ते केवळ मायभूमीच्या प्रेमाचे गीत वाटते.

शर्यतीची मुक्रर वेळ लुईव्हिलच्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी ६ वाजून ५७ मिनिटांच्या सुमाराची, म्हणजे भारतात रविवारी पहाटे साडेचारच्या आसपासची असते. तेव्हा यजमानांनी साडेसहापूर्वी वाढप आटोपावे, चिठ्ठ्या वाटून मोकळे व्हावे, आणि ते गीत सुरू होण्याआधी ऑलिव्हर लुईस, ॲन्सेल विल्यमसन व जिमी विंकफील्ड यांची हकीकत पाहुण्यांना अवश्य सांगावी.